विट्याचं कनेक्शन

"आवाज येईल न्हवं त्यातनं?" आक्कांनी विचारलं.

मी टेबलाखाली होते. तोंडात स्क्रू, हातात फोनची वायर आणि केसांत कापसाचं तूस. मागवाल्यांच्या घरातला कॉम्प्युटर उघडला की आधी त्यातली रुई काढावी लागते, मग बाकीचं काम.

"येईल की," मी स्क्रू काढून म्हटलं. "पण आवाजाचं काय करायचंय? तिकडं इचलकरंजीत बसलेत त्या दोघांनाही ऐकू येत नाही."

"त्यांना न्हाई येत. मला येतंय न्हवं?" आक्का म्हणाल्या आणि मांडीवरच्या नातवाला थोपटत तिथंच बसून राहिल्या.

आम्ही ओरडूनच बोलत होतो. विट्याच्या त्या घराला लागूनच यंत्रमागांची शेड होती. मध्ये एक भिंत आणि भिंतीपलीकडं सगळे माग चालू. फरशीसुद्धा थरथरत होती. मी इचलकरंजीची, जन्म त्या खटखटात गेलेला, त्यामुळं मला त्याचं काही नव्हतं. पण तिथं बोलायचं म्हणजे घसा ताणूनच.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मोबाईलवर माणसं दिसत नव्हती. टेलिफोनच्या तारेतनं इंटरनेट यायचं आणि ते घरात आणून द्यायला माझ्यासारखी माणसं लागायची. माझ्या मामाचं इचलकरंजीत कॉम्प्युटरचं दुकान होतं, तिथं मी काम करायचे. पोरगी टेबलाखाली शिरून वायरी ओढते म्हणून लोक बघत राहायचे. मी म्हणायचे, बघताय काय, ती खुर्ची जरा सरकवा. तोंडानं मी पहिल्यापासनं फटकळ.

पलीकडं बसलेले दोघं म्हणजे आमच्या गल्लीतले दत्तोबाकाका तारळेकर आणि इंदूकाकू. दोघंही जन्मापासनं बहिरे. काका मागांच्या दुरुस्तीचं काम करायचे. त्यांची एकुलती एक मुलगी चारुलता, तीही तशीच. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. चारू माझ्याहून लहान, माझ्या कडेवर वाढलेली. त्यामुळं हातांनी बोलायला मी कधी शिकले ते मला आठवतसुद्धा नाही. भांडायचो तेसुद्धा हातांनीच, आणि त्यात चारू मला कधी जिंकू द्यायची नाही.

चारूचं लग्न विट्याच्या म्हेत्र्यांच्या उदयशी झालं. तो बिजवर होता, पण घरचे माग, स्वतःचं घर, आणि मुलगी ऐकत-बोलत नाही हे माहीत असून त्यांनीच मागणी घातलेली. काका-काकूंना वाटलं, पोरीनं नशीब काढलं.

लग्नानंतर विट्याहून फोन यायचा तो आमच्या दुकानात. बोलायच्या त्या आक्का, चारूच्या सासूबाई. "चारू मजेत हाय म्हणून सांग तिच्या आईबापाला." मी जाऊन हातांनी सांगायचे. काकू प्रत्येक वेळी एकच विचारायच्या.

"हे चारूनं सांगितलं की सासूनं?"

"सासूनं."

काकू मान हलवून कामाला लागायच्या.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण आक्कांनी चारूला पाठवलं नाही. तिथं घरात कुणालाच ऐकू येत नाही, पोर रडलं तर कळायचं कुणाला, म्हणाल्या. आता चारू काय आकाशातनं पडली होती? तिला वाढवलीच ना त्यांनी? मी फोनवर तसं म्हटलंसुद्धा. आक्कांनी फोन ठेवून दिला.

मग बारशाला काका-काकू विट्याला जाऊन आले आणि परत आल्यावर काकू आमच्या उंबऱ्यात बसल्या. त्यांनी माझ्या आईला आणि मला सांगितलं ते मी विसरले नाही.

"चारू बोलली नाही. मी हात केले, तिनं केले नाहीत. कुशल विचारलं, मान हलवली. काय झालं विचारलं, मान हलवली. पदराखालनं हात बाहेरच काढले नाहीत."

"दमली असेल. बाळंतीण आहे," आई म्हणाली. मी ते हातांनी सांगितलं.

"दमलेलं माणूस हळू बोलतं," काकू म्हणाल्या. "बोलायचं थांबत नाही."

त्यानंतर काकूंची झोप गेली. काका कामावर चुका करायला लागले. मग एकदा कोल्हापूरला मूकबधिरांच्या मंडळात त्यांनी कॉम्प्युटरवर दोन बहिऱ्या माणसांना एकमेकांशी बोलताना बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या काउंटरवर दोन्ही तळवे आपटून उभे राहिले. हवेत चौकोन काढला, त्यात चारूच्या नावाची खूण केली. हनुवटीवरच्या खळीला बोट लावायचं, ते चारूचं नाव. मग माझ्याकडं बोट.

"तू कर."

पण कनेक्शन दोन्हीकडं पाहिजे. काकांच्या घरी आम्ही जुना कॉम्प्युटर बसवून तार जोडली. विट्याचं कसं जमायचं? तिथं उदय उपयोगी पडला. त्याच्याकडं कॉम्प्युटर होता आणि इचलकरंजीच्या व्यापाऱ्याकडनं कापडाच्या डिझाइनी मागवायला त्याला इंटरनेट हवंच होतं. मामानं फोन केला, तो लगेच हो म्हणाला. आणि मी मोडेम, कॅमेरा, वायरींची भेंडोळी घेऊन एसटीनं विट्याला आले.

आक्कांनी मला दारातच ओळखलं.

"तू ती फोनवाली मंदा न्हवं? फोन ठिवला म्हणून राग तर न्हाई आला?"

"आला होता. गेला," मी म्हटलं.

त्या हसल्या. बाई वाईट नव्हती, हे मला सांगितलं पाहिजे. नवरा गेल्यावर एकटीनं माग चालवलेले, मुलाला वाढवलेलं. नातवावर तर जीव टांगलेला. श्रेयस त्याचं नाव. गोरा, गुटगुटीत, नुकताच धरून उभा राहायला लागलेला.

"बघ की कसा निजलाय," त्या कौतुकानं म्हणाल्या. "एवढे माग चालतात, पर दचकणं म्हणून न्हाई. खरं मागवाल्याचं पोरगं. उदय ल्हान हुता तवा किती रडायचा आवाजाला!"

तेवढ्यात चारू चहा घेऊन आली. वाळली होती. मी टेबलाआडनं, आक्कांना दिसणार नाही असा, हात केला. "आईनं पाठवलंय मला." नुसतं तेवढंच. चारूच्या हातातला चहा हिंदकळला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. आक्कांच्या मांडीवर निजलेल्या पोराकडं बघितलं, हात पदराखाली घेतले आणि आत गेली.

माझ्या कडेवर वाढलेली पोर, आणि मला ओळख दाखवली नाही?

"तुला कळतात का गं त्यांचे हातवारे?" आक्कांनी विचारलं.

"छे हो," मी म्हटलं. "मी पाटीवर लिहून दाखवते."

का तसं बोलले, तेव्हा मला कळलं नव्हतं. तोंडातनं निघून गेलं, एवढं खरं.

मी कामाला लागले. फोनच्या तारेला स्प्लिटर लावला, एक वायर फोनला, एक मोडेमला. मोडेमचे दिवे लुकलुकले आणि स्थिर झाले, म्हणजे विट्याच्या एक्स्चेंजपर्यंत तार नीट होती. पण कॉम्प्युटर काही केल्या नेटवर्क ओळखेना. कोपऱ्यात लाल फुली. वायर बदलली, फुली तशीच. कार्ड पुन्हा बसवलं, ड्रायव्हरची सीडी घातली, फुली तशीच. कर्म माझं! शेवटी बॅटरी मारून मागं बघितलं, तर वायर घुसवायच्या खाचेत रुईचा बोळा बसलेला. टाचणीनं ओढून काढला. वायर टक्कन बसली, फुली गेली.

"एवढंच हुतं व्हय?" आक्का म्हणाल्या.

"एवढंच असतंय. शोधायला मात्र जन्म जातोय."

युजरनेम, पासवर्ड टाकला. खाली कोपऱ्यातलं दोन छोट्या पडद्यांचं चिन्ह उजळलं, म्हणजे इंटरनेट आलं. मी मोबाईलवर मामाला सांगितलं, तो काका-काकूंच्या शेजारी बसला होता. पलीकडनं बोलावणं आलं, मी स्वीकारलं आणि पडद्यावर इंदूकाकू आणि दत्तोबाकाका दिसले.

काकूंनी गडद साधं लुगडं नेसलं होतं, एकही फूल नसलेलं. हात उठून दिसावेत म्हणून. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून त्यावर काळी शाल घेतली होती, तीही त्याचसाठी. पण चित्र अडखळत होतं. काकूंनी हात हलवला की त्याच्या जागी नुसता पांढुरका फराटा दिसायचा. चेहरा बघायला असलं चित्र चालतं. ज्यांची बोटंच बोलतात त्यांचं काय?

"आवाज बंद करते," मी आक्कांना म्हटलं. "तारेत जागा कमी आहे. आवाज काढला की तेवढी जागा चित्राला मिळते."

"बरं, कर बाई," आक्का नाराजीनं म्हणाल्या. "तसं बी कोण बोलणाराय."

आवाज बंद केला, चित्र लहान केलं, खिडकी उघडून उजेड घेतला. काकूंची बोटं वेगवेगळी दिसायला लागली. मी उदयला हाक मारली आणि तो चारूला घेऊन आला. मी तिला कॅमेऱ्यासमोर बसवलं.

आईला बघून चारूचे डोळे भरले. काकूंनी विचारलं, "बरी आहेस?" चारूनं मान हलवली. "जेवतेस?" मान हलवली. "मग बोल की." चारूनं पुन्हा आक्कांच्या मांडीकडं बघितलं. श्रेयस जागा झाला होता, टकामका बघत होता.

"उदय, पोराला भाईर घेऊन जा," आक्का म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "त्याच्याम्होरं हातवारे न्हाई करायचे, असं ठरलंय आमच्यात. बघून बघून पोरगं बी मुकं व्हायचं. हिला एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, ऐकंना, तवा पोराला माझ्याच खोलीत घेतलं. प्यायला तेवढं हिच्याकडं. आता वागतीय नीट."

बोलले असते तर तोंडाचा पट्टा सुटला असता आणि तार तिथंच तुटली असती. मी वायर गुंडाळायला घेतली.

उदय पोराला घेऊन उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. पोर त्याच्या खांद्यावर, तोंड बाहेर अंगणाकडं. आक्का चारूच्या मागं खुर्चीवर बसलेल्या.

आणि चारूचे हात वर आले.

तिच्या तोंडावर हसू होतं. इतकं मोठं हसू की मला आधी बरं वाटलं. पण हातांनी बोलणाऱ्यांचा चेहरासुद्धा बोलत असतो. दुःख सांगताना दुःखाचा चेहरा नसेल तर ते वाक्यच लंगडं होतं. चारू हसत होती आणि हात म्हणत होते, "आई, माझ्या मागं सासू बसलीय. मी हसतेय त्याकडं बघू नकोस. नुसते हात बघ."

काकू क्षणभर गोंधळल्या. मग त्यांना कळलं. आणि त्यांनीही तस्सं हसू तोंडावर आणलं. काकांना ते जमेना. त्यांनी खोकला आल्यासारखं करून तोंड फिरवलं.

"मला मारत नाहीत. जेवायला देतात. पण पोर माझ्याकडं ठेवत नाहीत."

"का?"

"माझे हात बघून तो मुका होईल म्हणतात."

"मग?"

चारूचे हात थांबले. मग तिनं छातीला हात लावला, आईकडं केला, बापाकडं केला, पुन्हा छातीला आणला. मग कानाला.

"तो आपल्यासारखाच आहे. त्याला ऐकू येत नाही."

वायर माझ्या हातातनं सुटली. मी खाली वाकले ती वर यायला धजेना. हे पोर दचकत नाही म्हणून आक्कांनी घरभर कौतुक केलेलं!

"नक्की?" काकूंनी विचारलं. तोंडावरचं हसू हललं नव्हतं.

"नक्की. पातेलं पडलं की सगळे दचकतात, मी आणि तो नाही. कुणालाच माहीत नाही. कळलं तर म्हणतील, हिच्या हातांनी झालं. मला इचलकरंजीला पाठवतील आणि त्याला पुण्याला नणंदेकडं. तिला मूल नाही. बोलणं झालंय त्यांचं."

"तू त्याच्याशी बोलतेस का?"

चारूनं उत्तर द्यायला हात उचलला तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "काय म्हणतीय रे ती एवढं, उदय? तुझी बायको हाय, तुला काय कळतंय का?"

मी वर बघितलं. उदय उंबऱ्यात उभा होता. त्याचा चेहरा बघितला आणि मला कळलं, याला सगळं कळलंय. एकूण एक शब्द. चारूनं याला शिकवलं होतं, आणि यानं ते आईपासनं लपवलं होतं.

"बरी आहे म्हणते," तो म्हणाला. "श्रेयस खातोय-पितोय म्हणते."

"मग एवढे हात कशाला लागतात?" आक्का हसल्या. "आण त्याला. दाखवू दे त्यांना नातू."

पोर पुन्हा आक्कांच्या मांडीवर आलं. चारू उठून बाजूला झाली, आक्कांनी खुर्ची पुढं ओढली, त्याला कॅमेऱ्यासमोर उभं धरलं, केस सारखे केले. "ह्यो बघा तुमचा नातू! कसा हाय?" पडद्यावर काकूंना राहवलं नाही. त्यांनी दोन्ही हात पुढं केले, ये ये. पोर एकदम थबकलं. हात! ते पडद्याकडं टक लावून बघायला लागलं. मग मान वळवून त्यानं बाजूला उभ्या चारूकडं बघितलं, आपलं बोट उचललं, नाकाशी नेलं, चमकीच्या जागी टेकवलं आणि हसलं.

इंदूकाकूंच्या घरी आई म्हणायचं ते असं.

म्हणजे चारू त्याच्याशी बोलत होती. कुठं, कसं, देव जाणे. दूध पाजताना तेवढा जो वेळ मिळायचा, त्यातच असेल. आणि पोरानं ते उचललं होतं.

आक्कांनी त्याचा हात खाली ओढला.

"हे कुणी शिकवलं?" त्यांनी चारूकडं बघितलं. "एवढं सांगून बी? माझ्या नजरेआड?"

चारूला ऐकू गेलं नाही, पण कळलं. ती भिंतीला टेकली.

"आई म्हणाला तो, आक्का," उदय म्हणाला.

"काय?"

"चारूला आई म्हणाला."

"मग तोंडानं म्हणंल की! तोंड हाय त्याला!"

"नाही म्हणणार. त्याला ऐकू येत नाही."

"गप बस," आक्का म्हणाल्या. "काय बी बोलू नगस. आवाजात वाढलंय पोर, सवय हाय त्याला."

उदय वळला, अंगण ओलांडून शेडमध्ये गेला. मला वाटलं, गेला पळून. आणि एकाएकी खटखट थांबली. त्यानं मागांचा मेन स्विच ओढला होता. एकेक माग गडगडत बंद पडला आणि शेवटचा थांबला तेव्हा इतकी शांतता झाली की मोडेमची बारीकशी घूंघूं ऐकू यायला लागली. पायाखालची थरथर गेली तसं चारूनं फरशीकडं बघितलं. पोरानंही पायाखाली बघितलं.

उदय दारात आला. "मार हाक."

आक्कांनी पोराला जमिनीवर टेबल धरून उभं केलं. त्या त्याच्या मागं गेल्या.

"राजा," त्या हळू म्हणाल्या.

पोर पडद्याकडं बघत होतं.

"राजा! ए श्रेयस! हिकडं बघ, आजी हाय हिकडं!"

त्यांनी टाळी वाजवली. पुन्हा वाजवली, त्याच्या कानाशी. मग तांब्या उचलून फुलपात्रावर आपटला. मी दचकले. उदय दचकला. पोर पडद्यातल्या काकूंकडं बघून बोट नाकाला लावत होतं, कारण त्या हसत होत्या.

आक्का फुलपात्र हातात घेऊन तशाच बसल्या. त्यांचं तोंड एवढंसं झालं. मग त्या माझ्याकडं वळल्या.

"तुला समदं कळत हुतं न्हवं?"

"हो," मी म्हटलं.

"मघा वायर पडली तवाच मला वाटलं. खोटं बोललीस तू."

"बोलले. अजून बोलले असते."

मला वाटलं, आता घराबाहेर काढतात. काढलं असतं तर मीही त्यांना चार गोष्टी सुनावूनच निघाले असते. पण त्यांना भांडायचं नव्हतं.

"मग आता खरं सांग," आक्का म्हणाल्या. "त्या बाईला विचार. माझ्या वतीनं विचार. तिची पोरगी अशी हाय हे कळलं, तवा तिनं काय केलं? मला काय कराय पायजे ते मला कळंना झालंय."

मी पडद्यासमोर बसले आणि हात उचलले. घाईत माझ्या खुणा एकमेकींत मिसळल्या, काकूंनी मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.

काकूंनी काकांकडं बघितलं. काका म्हणाले, "सांग की." तेव्हा कुठं काकूंच्या तोंडावरचं ते ओढून आणलेलं हसू गेलं.

"चारू धरून उभी राहायला लागली होती," काकू म्हणाल्या. "आम्हाला कळायचा मार्ग नव्हता. मी मंदाच्या आईला बोलावलं. तिनं चारूच्या मागं परात वाजवली आणि माझ्याकडं बघून मान हलवली. नाही म्हणाली. आणि रडायला लागली."

मी आक्कांना सांगत गेले.

"मग?" आक्कांनी विचारलं.

"मग आम्ही पेढे वाटले."

माझे ओठ तिथं थांबले. आक्कांनी माझा दंड धरला. "काय म्हणाली?"

"पेढे वाटले म्हणतात. सगळ्या गल्लीला."

खरंच वाटले होते. मी लहान होते, पण आई हातात पेढा घेऊन चुलीपुढं बसून राहिली होती ते मला आठवतं. तिला तो खाववेना. शेवटी मी खाल्ला. गल्लीत सगळे म्हणाले, दत्तोबाला वेड लागलंय.

"का?" आक्कांनी विचारलं. "का वाटले म्हणाव?"

काकूंचे हात सावकाश चालले, मला नीट कळावं म्हणून.

"आम्हाला भीती होती. तिला ऐकू येत असतं, तर मोठी झाल्यावर ती तुमच्याकडं गेली असती. तुमच्याशी बोलली असती. आमचं बोलणं तिला लहान वाटलं असतं. ती आमच्यासारखी निघाली, म्हणजे आमच्याशी बोलणार. जन्मभर बोलणार. त्याचे पेढे."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. निम्म्यावर उदय पुढं आला, राहिलेलं त्यानंच सांगितलं.

आक्का उठल्या. श्रेयसला उचललं, चारूजवळ गेल्या आणि त्याला तिच्या कडेवर दिलं. तिचा उजवा हात पदराखाली होता, तो धरून बाहेर काढला आणि तसाच मोकळा सोडला. मग भिंतीशी खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मोठ्यानं, हंबरडा फोडून. माग बंद होते, त्यामुळं ते रडणं सगळ्या घरात ऐकू जात होतं. जिला ऐकू जात नव्हतं त्या चारूनं पोराला एका हातानं सावरलं आणि दुसरा हात सासूच्या डोक्यावर ठेवला.

पडद्यावर दत्तोबाकाका पुढं झुकले होते. आक्का कॅमेऱ्याच्या बाहेर गेलेल्या, त्यांना दिसत नव्हत्या.

"काय झालं?" त्यांनी मला विचारलं. "कुठं गेली ती?"

"इथंच आहे. रडतेय," मी म्हटलं.

काकांनी काकूंना सांगितलं. दोघं थोडं मागं सरून नीट बसले. काकूंनी मांडीवर हात ठेवले, काकांनी खांद्यावरची शाल सारखी केली.

"तिला सांग," काका म्हणाले, "सावकाश रड म्हणावं. आम्ही उठत नाही."